संगणकाच्या यादीत कोणाला काय दिसावे?

काही वर्षांपूर्वी, ‘विंडोज ७’ ही प्रणाली घरोघरी वापरात होती त्या काळात, इंदूर येथील एका ग्राहक मेळाव्यात एक निवृत्त मुख्याध्यापक दोन छापील कागद घेऊन आले होते. एका कागदावर तीसेक नावे होती, तर दुसऱ्यावर साठाहून अधिक. दोन्ही कागद त्यांच्या घरच्या एकाच संगणकाचे होते. नेट बँकिंग सुरू करण्यापूर्वी त्यांच्या नातवाने त्यांना संगणकावर मर्यादित अधिकारांचे स्वतंत्र खाते उघडून दिले होते. त्या खात्यातून पाहिले की संगणकावर चालू असलेल्या कामांची लहान यादी दिसे. संपूर्ण यादी पाहण्याचे बटण दाबले की प्रणाली नातवाचा पासवर्ड मागत असे.

“साहेब, संगणक माझ्या निवृत्तिवेतनातून घेतलेला, घर माझे, खात्यातले पैसेही माझे,” ते म्हणाले. “मग माझ्याच यंत्रात काय चालले आहे ते मला अर्धेच का दाखवतात? आणि न दाखवलेल्या या तीस नावांत एखादा चोर दडून बसला असेल, तर मला कळणार कसे?”

“सर, प्रश्न अगदी रास्त आहे,” एवढेच त्या वेळी आम्हाला म्हणता आले. उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नव्हते. संगणकाच्या साध्या वापरकर्त्याला यंत्रातील सर्व प्रक्रिया दिसाव्यात की नाही, हा प्रश्न वरवर तंत्रज्ञांचा वाटतो. प्रत्यक्षात ज्याचा ज्याचा बँकव्यवहार संगणकावर किंवा मोबाइलवर होतो, त्या प्रत्येकाशी तो निगडित आहे. म्हणून वाचकांसाठी तो येथे जरा विस्ताराने मांडत आहोत.

प्रक्रिया म्हणजे काय?

पुस्तकात छापलेली पाककृती आणि चुलीवर शिजत असलेला पदार्थ यांत जो फरक आहे, तोच संगणकातील आज्ञावली आणि प्रक्रिया यांत आहे. आज्ञावली ही संगणकात साठवलेली सूचनांची मालिका. ती प्रत्यक्ष चालू झाली की तिला ‘प्रोसेस’ अर्थात प्रक्रिया म्हणतात. आपण पत्र टंकित करीत असतो तेव्हा पडद्यावर एकच खिडकी दिसते. परंतु पडद्याआड घड्याळ चालवणारी, छपाई सांभाळणारी, जाळ्याशी संपर्क ठेवणारी, विषाणूंवर पहारा करणारी अशा कितीतरी प्रक्रिया एकाच वेळी चालू असतात.

प्रत्येक प्रक्रियेला संगणक एक क्रमांक देतो आणि ती कोणाच्या खात्यातून सुरू झाली, किती स्मृती वापरते, कोणत्या आज्ञेने सुरू झाली, याची नोंद ठेवतो. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो व ही नोंदवही समोर येते. ती कोणी वाचावी, हाच वादाचा विषय आहे.

सर्वांना सर्व दिसे, तो काळ

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ या प्रणालीच्या कामास आरंभ केला. त्या काळी संगणक अत्यंत महाग होता. एका यंत्राला अनेक टर्मिनले जोडलेली असत आणि त्यावर अनेक जण एकाच वेळी काम करीत. यंत्र मंदावले की ते कोणाच्या कामामुळे मंदावले, हे जाणून घेणे सर्वांच्याच हिताचे असे. युनिक्समध्ये ‘पीएस’ नावाची आज्ञा आली. ती दिली की यंत्रावरील सर्वांच्या प्रक्रियांची यादी कोणालाही पाहता येई. सहकारी एकमेकांना ओळखत असत, त्यामुळे या मोकळेपणात कोणाला काही वावगे वाटले नाही.

आपल्या देशातील बँकांनाही ही पद्धत अपरिचित नाही. डॉ. सी. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांच्या संगणकीकरणास गती मिळाली. पुढे अनेक शाखांत युनिक्सवर चालणारा एक मुख्य संगणक आणि त्याला जोडलेली टर्मिनले आली. त्या काळात काम केलेल्या अनेक अधिकाऱ्यांना ‘पीएस’ ही आज्ञा आजही आठवत असेल. १९९१ साली आलेल्या ‘लिनक्स’ने हीच परंपरा पुढे चालवली. तेथे ‘प्रॉक’ नावाच्या एका विशेष कप्प्यात प्रत्येक प्रक्रियेची माहिती मांडलेली असते आणि मूळ रचनेत तिचा बराचसा भाग कोणत्याही वापरकर्त्याला वाचता येतो.

दिसण्यातला धोका

सहकाऱ्यांच्या लहान वर्तुळासाठी केलेली ही सोय अनोळखी माणसे एकाच यंत्रावर येऊ लागल्यावर अडचणीची ठरू लागली. पहिली अडचण अगदी साधी आहे. काही आज्ञा देताना त्याच ओळीत पासवर्ड लिहिण्याची मुभा असते. ती ओळ प्रक्रियांच्या यादीत जशीच्या तशी उमटते. ‘मायएसक्यूएल’ या प्रसिद्ध विदासाठ्याच्या माहितीपुस्तिकेतच असा पासवर्ड ओळीत लिहिणे असुरक्षित असल्याची सूचना दिलेली आहे. कारण त्याच यंत्रावरील दुसऱ्या वापरकर्त्याला यादी पाहून तो कळू शकतो.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. यादीत गुप्त असे काहीच लिहिलेले नसले, तरी हालचालींवरून बरेच काही ओळखता येते. इंडियाना विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले की, लिनक्सच्या ‘प्रॉक’मधील उघड माहितीचे निरीक्षण करून दुसऱ्या वापरकर्त्याने कळ केव्हा केव्हा दाबली हे टिपता येते आणि दोन कळांमधील कालावधीवरून त्याने काय टंकित केले याचा अंदाज बांधता येतो. शेजारच्या खोलीतील टाइपरायटरचा नुसता आवाज ऐकून मजकूर ओळखण्यासारखाच हा प्रकार आहे.

तिसरे उदाहरण थेट बँकव्यवहाराचे आहे. मिशिगन विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची रिव्हरसाइड शाखा यांतील संशोधकांनी २०१४ साली अँड्रॉइड मोबाइलवरील सात लोकप्रिय ॲपची परीक्षा घेतली. निरुपद्रवी दिसणारे, कोणतीही विशेष परवानगी न मागणारे एक ॲप त्यांनी मोबाइलवर ठेवले. ते मुख्यतः इतर ॲपच्या प्रक्रिया किती स्मृती वापरत आहेत, हे पाहत असे. अशा निरीक्षणावरून समोरचे ॲप या क्षणी कोणता पडदा दाखवत आहे, हे सातपैकी सहा ॲपच्या बाबतीत ८२ ते ९२ टक्के वेळा बरोबर ओळखता आले. त्यांत एका मोठ्या अमेरिकी बँकेचेही ॲप होते. वापरकर्ता नाव आणि पासवर्ड लिहिण्याच्या पडद्यावर पोहोचला की नेमक्या त्याच क्षणी हुबेहूब तसाच खोटा पडदा पुढे सरकवणे शक्य आहे, हा त्यातला खरा धोका होता.

या तिन्ही उदाहरणांतून एक सूत्र हाती येते. यादी पाहणारा प्रत्येक वेळी माणूसच असतो असे नाही. आपण एखादी आज्ञावली सुरू करतो तेव्हा ती आपल्या नावाने आणि आपल्या अधिकारांनिशी चालते. आपल्याला जे जे दिसते, ते ते तिलाही दिसू शकते. साध्या वापरकर्त्याला सर्व काही दाखवणे म्हणजे त्याने नकळत उतरवून घेतलेल्या प्रत्येक आज्ञावलीलाही ते दाखवणे होय. त्यामुळे साध्या खात्याच्या दृष्टीवर काही मर्यादा असणे हे त्या खातेदाराच्याच हिताचे असते.

न दिसण्यातला धोका

तरीही मुख्याध्यापकांची शंका निराधार नव्हती. लपवणे हे दुधारी शस्त्र आहे. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा संगणक-कृमी जगभर पसरला. संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले. त्या वेळी अनेक सामान्य वापरकर्त्यांनी टास्क मॅनेजर उघडला आणि त्यात ‘एमएसब्लास्ट’ या नावाची प्रक्रिया दिसताच त्यांना रोगाचे निदान झाले. यादी दिसत होती म्हणून ते शक्य झाले.

याच्या उलट घटना ऑक्टोबर २००५ मध्ये उघडकीस आली. मार्क रुसिनोविच या संगणकतज्ज्ञांना आपल्याच संगणकात काही फाइली व प्रक्रिया लपवल्या जात असल्याचे आढळले. शोध घेता लपवणारी आज्ञावली ‘सोनी बीएमजी’ या कंपनीच्या संगीताच्या सीडीबरोबर आली होती, असे निष्पन्न झाले. सीडीची नक्कल होऊ नये यासाठी ती बसवली जात असे. एका ठरावीक खुणेने ज्यांचे नाव सुरू होते अशा साऱ्या फाइली आणि प्रक्रिया ती दृष्टीआड करी, तेही मालकाला स्पष्ट कल्पना न देता. थोड्याच दिवसांत विषाणू रचणाऱ्यांनी तीच खूण आपल्या फाइलींच्या नावांना लावून त्या आडोशाचा लाभ घेतला. कंपनीला नोव्हेंबर २००५ मध्ये त्या सीडी बाजारातून परत मागवाव्या लागल्या. मालकापासून काही लपवण्याची सोय एकदा निर्माण झाली की ती ज्याने केली त्याच्यापुरती उरत नाही, हा धडा या प्रकरणाने दिला.

अर्थात, यादी दिसली म्हणजे सारे कळले असेही नव्हे. २००८ मध्ये आलेला ‘कॉन्फिकर’ हा कृमी स्वतःच्या नावाने यादीत उभाच राहत नसे. विंडोजच्या ‘एसव्हीसीहोस्ट’ या नेहमीच्या प्रक्रियेच्या पोटात शिरून तो काम करी. नावांची यादी वाचणे हे पहाऱ्याचे एक साधन आहे. केवळ तेवढ्यावर विसंबून राहता येत नाही.

टोकन-फलकाचा मध्यममार्ग

आपल्या शाखांमध्ये पूर्वी पितळी टोकन मिळे. आता क्रमांक दाखवणारा फलक असतो. सत्तेचाळीस क्रमांकाचे काम तिसऱ्या खिडकीवर चालू आहे, हे सर्वांना दिसते. त्यामुळे रांग किती पुढे सरकली ते कळते. परंतु तो ग्राहक किती रक्कम काढत आहे, हे फलक सांगत नाही. रांगेतील माणसाला तेवढीच माहिती आवश्यक असते आणि तेवढीच दिली जाते. शाखा व्यवस्थापकाला मात्र संपूर्ण नोंदवही पाहता येते, कारण हिशेबाची जबाबदारी त्याची असते.

संगणकाच्या प्रणालींनीही पुढे हाच मार्ग धरला. लिनक्सच्या ३.३ या आवृत्तीत, म्हणजे २०१२ साली, ‘हाइडपिड’ नावाची सोय आली. तिचे मूळ तीन स्तर आहेत. शून्य स्तरावर सर्वांना जुन्या पद्धतीने सारे दिसते. पहिल्या स्तरावर इतरांच्या प्रक्रियांचे क्रमांक दिसतात, परंतु तपशील दिसत नाही. हाच आपला टोकन-फलक. दुसऱ्या स्तरावर इतरांच्या प्रक्रिया आहेत हेही कळत नाही. कोणता स्तर ठेवायचा, हे त्या यंत्राचा प्रशासक ठरवतो. ‘फ्रीबीएसडी’ या युनिक्स कुळातील प्रणालीतही इतरांच्या प्रक्रिया झाकण्याची अशीच व्यवस्था आहे. मात्र प्रशासकापासून या दोहोंतील कोणतीही व्यवस्था काहीही लपवत नाही.

मुख्याध्यापकांना ज्या बटणाचा राग आला होता, ते बटण विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ यांच्या टास्क मॅनेजरमध्ये होते. तेथील लहान यादी वापरकर्त्याच्या स्वतःच्या कामांची असे. ती तीस नावे तशी गुप्त नव्हती. दुसऱ्या साधनांच्या साहाय्याने साध्या खात्यातूनही ती पाहता येत. पासवर्ड मागितला जाई तो मुख्यतः इतरांच्या व खुद्द प्रणालीच्या प्रक्रियांमध्ये हात घालण्याची मुभा देण्यापूर्वी. त्या दोन्ही प्रणालींचा काळ आता मागे पडला असला, तरी तत्त्व टिकून आहे. आजच्या विंडोजमध्येही साध्या खात्याला दुसऱ्या खात्याच्या प्रक्रियेची स्मृती वाचता येत नाही की ती प्रक्रिया बंद करता येत नाही.

मोबाइलवर वापरकर्ता कोण?

घरच्या संगणकावर वापरकर्ता म्हणजे घरातील माणूस. अँड्रॉइड मोबाइलवर हा अर्थ बदलतो. तेथे मूळ लिनक्स प्रणाली प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता क्रमांक देते. म्हणजे आपल्या बँकेचे ॲप, एखादा खेळ आणि विजेरीचे ॲप हे यंत्राच्या लेखी तीन निरनिराळे वापरकर्ते असतात. अशा स्थितीत विजेरीच्या ॲपला बँकेच्या ॲपची प्रक्रिया दिसण्याचे काहीही प्रयोजन नाही.

ही जाणीव उत्पादकांनाही टप्प्याटप्प्याने झाली. अँड्रॉइड ५ या आवृत्तीत, म्हणजे २०१४ साली, सध्या कोणते ॲप समोर उघडे आहे हे इतर ॲपना विचारता येण्याची जुनी वाट बंद करण्यात आली. तरीही ‘प्रॉक’ची वाट खुली होती. २०१६ साली आलेल्या अँड्रॉइड ७ मध्ये ‘हाइडपिड’चा दुसरा स्तर लागू झाला आणि इतर ॲपच्या प्रक्रिया दिसणेच थांबले.

चोरांनी मग दार बदलले. आता फसवे ॲप आपल्याकडेच परवानगी मागते. दृष्टिबाधित व अन्य दिव्यांग व्यक्तींच्या सोयीसाठी ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाची एक परवानगी असते. ती मिळाली की ॲपला पडद्यावरील मजकूर वाचता येतो आणि आपल्या वतीने बटणेही दाबता येतात. दुसरी परवानगी कोणते ॲप केव्हा वापरले गेले हे पाहण्याची असते. याखेरीज दूर बसलेल्या माणसाला आपला पडदा दाखवणारी ॲपही आहेत. त्यांच्या गैरवापराविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. जे पाहण्यास प्रणालीने मज्जाव केला, ते आपण स्वतःच्या बोटाने दाखवून बसलो, तर कोणतीही प्रणाली आपले रक्षण करू शकत नाही.

मग उत्तर काय?

आमच्या मते उत्तर तीन पायऱ्यांचे आहे. यंत्राच्या मालकाला सर्व काही पाहता आले पाहिजे. त्याच्यापासून कोणीही, अगदी यंत्र बनवणाऱ्यानेही, काही लपवू नये. सामायिक यंत्रावरील साध्या वापरकर्त्याला स्वतःच्या प्रक्रिया पूर्णपणे दिसाव्यात आणि इतरांच्या बाबतीत गरजेपुरतेच कळावे. आणि ॲपला केवळ स्वतःपुरतेच दिसावे.

घरच्या संगणकाचा मालक आणि साधा वापरकर्ता ही बहुधा एकच व्यक्ती असते, येथेच घोटाळा होतो. बँकेतील लॉकरमध्ये ठेवलेले दागिने आपल्या मालकीचे असतात. तरी ते आपण रोज अंगावर घालून बाजारात जात नाही. प्रशासकाचे अधिकारही तसेच आहेत. ते आपलेच असावेत, पण वेगळे ठेवलेले असावेत आणि प्रसंगीच बाहेर काढावेत.

या विवेचनातून ग्राहकांच्या उपयोगाच्या काही गोष्टी निघतात, त्या अशा :

१. घरच्या संगणकावर प्रत्येकाचे वेगळे खाते असू द्यावे. रोजचे काम साध्या खात्यातून करावे. प्रशासकाच्या खात्याचा पासवर्ड घरातील किमान एका जबाबदार व्यक्तीला ठाऊक असावा.

२. एकाच खात्यात चालणाऱ्या आज्ञावलींना संगणकावर परस्परांची बरीच माहिती मिळू शकते. म्हणून मुले ज्या खात्यातून खेळ उतरवून घेतात, त्या खात्यातून बँकव्यवहार करू नये.

३. संगणक निरोगी असतानाच टास्क मॅनेजर अधूनमधून उघडून पाहावा. नेहमीची नावे परिचयाची झाली की नवे नाव चटकन डोळ्यांत भरते.

४. अनोळखी नाव दिसताच ती प्रक्रिया बंद करण्याची घाई करू नये. त्या नावावर उंदराची उजवी कळ दाबून मूळ फाइल कोठे आहे ते पाहावे. ‘एसव्हीसीहोस्ट’ची मूळ फाइल विंडोजच्या ‘सिस्टम३२’ या फोल्डरात असते; त्याच नावाची प्रक्रिया डाउनलोडच्या फोल्डरातून चालू असेल, तर शंकेस जागा आहे. अशा वेळी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

५. कार्यालयातील किंवा सायबर कॅफेतील संगणकाचे प्रशासक आपण नसतो. तेथील संपूर्ण यादी दुसऱ्याला दिसते, आपल्याला दिसत नाही. तेथून बँकव्यवहार टाळावा.

६. मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ॲक्सेसिबिलिटी’ची आणि वापराची माहिती पाहण्याची परवानगी कोणकोणत्या ॲपना दिली आहे, ते तपासावे. जिचे कारण सांगता येत नाही, ती परवानगी काढून घ्यावी. फोनवरून कोणी बँकेचा अधिकारी असल्याचे सांगून पडदा दाखवणारे ॲप बसवण्यास सांगितले, तर फोन ठेवून द्यावा. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच आपल्या शाखेला आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

त्या मेळाव्यानंतर काही दिवसांनी मुख्याध्यापकांना आम्ही याच आशयाचे पत्र पाठवले. त्यांचे उत्तर आले. नातवाला बोलावून त्यांनी प्रशासकाचा पासवर्ड एका कागदावर लिहून घेतला होता आणि तो लिफाफ्यात घालून कपाटात, मुदत ठेवींच्या पावत्यांशेजारी ठेवला होता. रोजच्या वापराला मात्र त्यांनी साधे खातेच कायम ठेवले होते. पत्राच्या अखेरीस त्यांनी लिहिले होते की, महिन्यातून एकदा लिफाफा उघडून संपूर्ण यादी वाचतो आणि हजेरीपत्रकाप्रमाणे एकेका नावावर खूण करतो. वर्गात नवा मुलगा येऊन बसला, तर शिक्षकाला तो ओळखू आलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.